सील बदलण्याआधी नळी बघा

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागलं की उद्यमबाग मागे पडते, पिरनवाडी येते आणि लगेच मच्छे. औद्योगिक वसाहत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं ‘ज्ञानसंगम’ आवार इथे आलं, तरी भाताची शिवारं अजून गावाला धरून आहेत. पहिली शिफ्ट सुटते तेव्हा वसाहतीच्या रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा येतो. बहुतेक नंबर बेळगावचे, केए २२. मधूनच चिक्कोडी-निपाणीकडचा केए २३, एखादा कोल्हापूरचा एमएच ०९. नव्या गाड्यांच्या गर्दीत जुन्याही असतात. आरएक्स १००, सीडी १००, कुणाच्या तरी वडिलांची बुलेट, क्वचित एखादी येझदी. लोक त्यांची टाकी बघतात, सायलेन्सरचा आवाज ऐकतात. माझी नजर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर जाते.

चकचकीत नळी जिथे खालच्या जाड नळीत शिरते तिथे काळपट, ओलसर कडं दिसलं, त्यावर खानापूरकडच्या तांबड्या मातीचा थर बसलेला असला, की समजावं, शॉकअप गळतोय. सगळीकडचे मिस्त्री पुढच्या फोर्कला शॉकअपच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. गळणारे शॉकअप इतके सर्रास दिसतात की लोकांना तो बिघाडच वाटत नाही. क्लच गेला तर गाडी जागेवर थांबते, प्लग गेला तर सुरूच होत नाही. शॉकअप मात्र हळूहळू मरतो आणि चालवणाऱ्याचा हात त्या मरणाला रोज थोडा थोडा सरावत जातो. खड्ड्यात हँडल दणकतं, ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, वळणावर पुढचं चाक थरथरतं. चालवणारा रस्त्याला दोष देतो. गळलेलं तेल खाली ओघळून ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचलं, तर आतली लायनिंग तेलकट होते आणि पुढचा ब्रेक लागेनासा होतो. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. त्यामुळे हा लेख हौसेपोटी लिहिलेला नाही. गळणारा शॉकअप घेऊन चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरणारी माणसं मी बघतो आणि मला त्यांची काळजी वाटते.

आत काय असतं ते आधी पाहू. वरची नळी पोलादी, क्रोम चढवलेली. तिला फोर्क पाइप म्हणतात. ती खालच्या ॲल्युमिनियमच्या बॉटममध्ये वरखाली सरकते. आत लांब स्प्रिंग आणि थोडं तेल. लहान गाड्यांत एका बाजूला साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर. गाडीचं आणि माणसाचं वजन स्प्रिंग पेलते. तेलाचं काम वेगळं आहे. चाक खड्ड्यातून वर आलं की स्प्रिंग दबते, आणि मोकळी सोडली तर ती उसळून परत येईल, पुन्हा दबेल, पुन्हा उसळेल. ते होऊ नये म्हणून आतल्या दांडीला बारीक छिद्रं ठेवलेली असतात आणि प्रत्येक हालचालीत तेलाला त्यांतून वाट काढावी लागते. छिद्रातून तेल दुप्पट वेगाने ढकलायचं तर जोर जवळजवळ चौपट लागतो. सावकाश हलणारं चाक त्यामुळे मऊ चालतं आणि अचानक बसलेला दणका आवरला जातो. त्या छिद्रांत वाया गेलेली ताकद तेलाची उष्णता होऊन निघून जाते. तेल गळून कमी झालं की चाकाला फक्त स्प्रिंग उरते आणि स्प्रिंगला थांबायचं माहीत नसतं.

मच्छेत हे कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच या गावातली शॉकअपची दुरुस्ती मला लिहिण्याजोगी वाटते. १९८१ साली सुरेश हुंद्रे यांच्या पुढाकाराने इथे पॉलीहायड्रॉन ही कंपनी उभी राहिली. ती हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवते. बेळगावच्या उद्योगात ओतकामाइतकंच हायड्रॉलिक्सचं नाव आहे. दाबाखालचं तेल नेमक्या वाटेने नेमकं किती जाऊ द्यायचं, हा इथल्या कित्येक घरांच्या पोटापाण्याचा विषय. व्हॉल्व्हच्या आतला स्पूल आणि त्याचं भोक यांत पाचदहा मायक्रॉनची फट ठेवायची असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. दिवसभर असली मापं हाताळून आलेला माणूस संध्याकाळी घराच्या परड्यात शॉकअप खोलून बसतो, तेव्हा त्याला वरकामाची हौस म्हणणं मला पटत नाही. त्याच्या हातातलं काम तेच असतं, फक्त शिफ्ट बदललेली असते.

आमच्या गल्लीत असे एक काका आहेत. उमेदीची सगळी वर्षं लेथवर गेली, आता घरी असतात. जुनी गाडी घेऊन त्यांच्याकडे जाणारे गल्लीतले पुष्कळ. मीही माझी आरएक्स घेऊन गेलो. नवं सील कुठलं आणावं एवढंच विचारायचं होतं.

“तेल गळूलंय म्हणून सील मागूलास,” काका म्हणाले, “पण पाइप बघितलास काय?”

सगळ्या दुरुस्तीचं मर्म या एका प्रश्नात आहे. त्याच्याकडे परत येईन; त्याआधी या गाड्यांचं वय नीट लक्षात घ्यायला हवं.

मोटारसायकलीच्या सुरुवातीच्या काळात पुढच्या चाकाला असा तेलाचा फोर्क नव्हता. पट्ट्यांचा सांगाडा आणि एखादी उघडी स्प्रिंग, एवढ्यावर गाडी चालायची. तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क बाजारातल्या गाडीवर पहिल्यांदा आणला बीएमडब्ल्यूने, १९३५ च्या आर १२ वर. दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभर पसरला. मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटला तो होता. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या राज्यातच १९६१ साली, म्हैसूर शहरात, रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मूळ चेक जावा, १९७३ पासून नाव येझदी. दिल्लीकडे एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएलवरून राजदूत काढली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांना पुढे सरकत्या नळ्या नव्हत्या, मागच्या चाकाला असतो तसा आडवा चिमटा पुढेही होता. तो दणकट होता आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्यांना मानवला. मग १९८५ च्या सुमाराला जपानी धाटणीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हीरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्स-यामाहाची आरएक्स १००. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण येझदी किंवा आरएक्ससुद्धा आज तिशीच्या घरात आहे. तेवढे पावसाळे तिच्या फोर्क पाइपने अंगावर घेतलेत, आणि बेळगाव-खानापूरचा पाऊस सौम्य नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे. सील म्हणजे नायट्रिल रबराची कडी. तिचा ओठ एका बारीक गोल स्प्रिंगने पाइपला चिकटून राहतो. ओठ आणि पाइप यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असावा लागतो, नाहीतर रबर कोरडं घासून जळेल. पाइपचा पृष्ठभाग आरशासारखा असेल तोवर हे वर्षानुवर्षं चालतं. पण क्रोमला बारीकशी चीर गेली, तिच्यातून पाणी खालच्या पोलादापर्यंत पोचलं, की गंजाचा ठिपका धरतो. तो क्रोमला खालून फुगवतो, टवका उडतो आणि खड्डा उरतो. त्या खड्ड्याची धार दर वरखालीत सीलचा ओठ कापते. गाडीवाला नवं सील बसवतो. महिनाभर सगळं कोरडं राहतं, मग पुन्हा कडं ओलं. तो सीलच्या कंपनीला नावं ठेवतो, दुसऱ्या कंपनीचं सील आणतो. मी ऐकलेल्या दहा तक्रारींतल्या आठ-नऊ अशा. आजार पाइपमध्ये असतो आणि औषध सीलला दिलं जातं.

पाइप बघायची काकांची रीत साधी आहे. रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, उन्हात धरायचा, आणि सील जिथून फिरतं त्या पट्ट्यावर बोटाचं नख वरखाली, आडवं, सगळीकडून फिरवायचं. नख अडलं तर सीलही अडणार. नख सफाईने गेलं आणि नुसता डाग दिसला, तर पाइप चालेल. वर टीमध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या पकडीत, अडकून राहणाऱ्या भागावर गंज असला तरी बिघडत नाही, सील तिथवर जातच नाही. हा फरक न कळल्याने कित्येक चांगले पाइप भंगारात जातात.

नख अडलं तर पाइप वाकडाही आहे का ते लगेच बघावं, कारण दोन्ही दोषांचा खर्च एकाच दुकानात होतो. दोन व्ही ब्लॉकवर पाइप ठेवायचा, मधोमध डायल गेज लावायचा आणि पाइप सावकाश फिरवायचा. काटा जेवढा हलला त्याच्या निम्मं म्हणजे खरा वाक. होंडाच्या दुरुस्ती-पुस्तकांत याची मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली असते. घरात गेज नसेल तर जाड काचेवर पाइप लोळवून खालचा उजेड बघता येतो, मोठा वाक त्यात समजतो. पण मच्छेत गेज नसलेलं घर आणि गेज असलेलं घर यांच्यात फार तर चार दारांचं अंतर असतं. ‘घरी दुरुस्ती’ हा शब्द मी इथे त्या अर्थाने वापरतो. घर म्हणजे चार भिंती नाहीत. गल्लीतला लेथ, शेजारचा गेज, ओळखीचा प्लेटिंगवाला हे सगळं त्यात येतं. ज्या गावात हे नाही तिथे हा उद्योग घरी करावा असं मी म्हणणार नाही.

खड्डे पडलेल्या पाइपला दोन मार्ग. बाजारात नव्या नावाने मिळणारा पाइप घ्यायचा, किंवा जुन्यालाच नवं हार्ड क्रोम चढवायचं. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. बाजारातले काही पाइप चांगले असतात, काहींवरचं क्रोम एका पावसाळ्यात सोलतं, आणि दुकानात उभं राहून दोन्ही सारखेच चकाकतात. जुन्या पाइपचं पोलाद मात्र तीस वर्षं पारखलेलं आहे. प्लेटिंगवाला आधी जुनं क्रोम उतरवतो, पाइप घासून खड्ड्यांच्या खाली नेतो, मग विजेच्या हौदात नवा थर चढवतो आणि शेवटी ग्राइंडिंग करून मूळ मापावर आणतो. जेसीबीच्या सिलिंडरची चकाकती दांडी याच पद्धतीने बनते, म्हणून हायड्रॉलिक्सच्या गावात हे काम करणारे हात मिळतात. शेवटचं ग्राइंडिंग टाळून स्वस्तात देणारेही असतात. त्यांच्याकडून आलेला पाइप हाताला किंचित खरखरीत लागतो आणि सील खातो. माप आणि सफाई दोन्ही कागदावर लिहून द्यावं.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. या हौदातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याची वाफ कामगाराच्या फुप्फुसात जाते आणि सांडपाणी नीट शुद्ध न करता सोडलं तर विहिरींत उतरतं. वाफ ओढणारे पंखे आणि सांडपाण्याची सोय असलेल्या दुकानातच पाइप द्यावा, चार पैसे जास्त गेले तरी. आपल्या गाडीचं तेल थांबवण्यासाठी दुसऱ्याच्या पाण्यात विष कालवायचं नाही.

खोलायचं काम परड्यात. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिनाखाली लाकडाचा ओंडका, पुढचं चाक अधांतरी. चाक काढायच्या आधीच पाइपच्या डोक्यावरचं झाकण थोडं सैल करून घ्यायचं, कारण पाइप टीमध्ये घट्ट धरलेला असतो तोवरच ते झाकण सरळ सुटतं. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा बरोबरीने दुसरीही गोष्ट सांगितली. बॉटमच्या तळाशी खोल बसलेला ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच ढिला करायचा. स्प्रिंगचा दाब आतल्या दांडीला धरून ठेवतो. स्प्रिंग काढली की बोल्टबरोबर दांडीही गरागरा फिरते आणि मग गॅरेजमधली हवेची गन आणल्याशिवाय सुटका नसते. जुन्या गाड्यांच्या निम्म्या दुरुस्त्या अशा चुकलेल्या क्रमामुळे अडतात, हत्यारांच्या कमतरतेमुळे नाही.

मग एक्सल, ब्रेकची आणि मीटरची केबल, चाक, मडगार्ड. टीचे बोल्ट ढिले करून पाइप डावी-उजवीकडे पिळत खाली ओढायचा. पिळतच, हातोडा नको. तेल डब्यात काढायचं आणि ते नीट बघायचं. काळं असेल तर नुसतं म्हातारं झालंय. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे वरच्या झाकणाची कडी किंवा धुळीचं रबर फाटलंय. चांदीसारखी चमकणारी पूड दिसली तर ॲल्युमिनियम झिजतंय आणि बॉटमच्या भोकाचं माप घ्यायला हवं. हे तेल मातीत ओतू नये. गॅरेजमध्ये जळक्या तेलाचा पिंप असतो, त्यात द्यावं.

सील उपटताना बॉटमच्या कडेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, म्हणजे ॲल्युमिनियमला ओरखडा पडत नाही. त्याआधी खाचेतली तारेची क्लिप काढायला विसरलं तर सील फाटतं आणि बाहेर येत नाही. नवं सील बसवताना ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती तेलाकडे, म्हणजे खाली. पाइपच्या टोकाला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून त्यावरून सील सरकवायचं, म्हणजे पाइपची धार ओठाला लागत नाही. पिशवीला आतून-बाहेरून तेलाचा हात द्यायचा. मग जुनं सील उलटं वर ठेवून मापाच्या पीव्हीसी नळीने हलक्या टोल्यांनी समान खाली न्यायचं. क्लिपची खाच पूर्ण गोल दिसली की सील जागेवर बसलं. तळाच्या बोल्टला तांब्याचा नवा वायसर. जुना वायसर परत घातल्याने तळातून गळणाऱ्या गाड्या मी इतक्या बघितल्यात की हे वाक्य वगळवत नाही.

तेल ओतलं की पाइप हाताने हळूहळू वरखाली करून आतली हवा काढायची, आणि मग पाइपच्या तोंडापासून तेलाच्या पातळीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. ओतलेल्या मिलिलिटरपेक्षा हे माप खरं, कारण जुनं तेल आत थोडं राहिलेलं असतंच. दोन्ही बाजूंचं माप सारखं यायला हवं. जोडताना एक्सलचा नट शेवटपर्यंत आवळायचा नाही. आधी गाडी स्टँडवरून उतरवून, ब्रेक दाबून, हँडलवर वजन टाकून शॉकअप चारसहा वेळा दाबायचे. दोन नळ्या आपापली समांतर रेघ शोधून घेतात. मग नट आवळायचा. हे न करता आवळलेले शॉकअप एकमेकांना आडवे ओढतात, आणि नवं सील एका बाजूने झिजू लागतं.

एवढं सगळं करूनही हँडलमध्ये टक्टक् राहिली, तर दोष बहुतेक वेळा शॉकअपचा नसतो, कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा असतो. पुढचं चाक उचलून दोन्ही बॉटम हातात धरावेत आणि पुढेमागे ढकलावेत. ढिलाई वर हँडलच्या नळीपाशी जाणवली तर कोन सेट, खाली दोन नळ्यांच्या सांध्यात जाणवली तर शॉकअप. हँडल मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडत असेल, तर कोनच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत आणि सेटच बदलायचा. तपासायला मिनिटभर लागतं, आणि ते न केल्यामुळे लोक चांगले शॉकअप खोलून बसतात.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या वेळी तपासनिसाने ब्रेक आणि दिवे बघण्याइतक्याच काळजीने या दोन नळ्या बघाव्यात असं मला मनापासून वाटतं. नव्या गाड्यांचे शॉकअप कंपनीतच अख्खे बदलले जातात आणि ते उघडून बघणारी मुलं कमी होत आहेत. विद्यापीठाच्या आवारात शिकणारी मुलं कंपन, घर्षण, छिद्रातला प्रवाह हे सगळं गणितात सोडवतात. त्यांतलं कुणी एखाद्या रविवारी आमच्या गल्लीत आलं, तर ती समीकरणं त्याला हाताला लागतील. काकांना आनंद होईल, मलाही.

तेल किती दाट घालावं यावर मात्र काकांचं आणि माझं जुळत नाही. गाडीवर मागे पोती लादणाऱ्यांना काका वीस नंबरचं तेल सुचवतात. “वजन हाय म्हटल्यावर दाट नको काय?” असा त्यांचा रोकडा सवाल. माझं म्हणणं, वजन पेलणं स्प्रिंगचं काम आहे. दाट तेलाने गाडी उचलली जात नाही, नुसती ताठर होते. एका खड्ड्यातून नळी पूर्ण वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि शॉकअप खालीखाली बसत जातो. वजन जास्त असेल तर वरच्या झाकणाखाली स्प्रिंगवर बसणारा तुकडा थोडा लांब करावा, तेल दहा किंवा पंधराच ठेवावं. डिसेंबरातल्या पहाटे बेळगावच्या थंडीत दाट तेल आणखी दाटतं, तेव्हा खानापूर रस्त्यावर मनगटांना माझा मुद्दा पटतो. काका त्यावर म्हणतात, मे महिन्यात ये, मग बोलू. दोन्ही नळ्यांत तेल एकाच डब्यातलं आणि एकाच पातळीचं हवं, एवढ्यावर मात्र आमचं दोघांचंही एकमत आहे.